रिकाम्या दाराची शेळी

फार मागची गोष्ट आहे. राजा गादीवर बसल्याचे नववे वर्ष, पौष महिना. हा खरे तर हुरडा खायचा हंगाम. पण लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते आणि शेतात भाजायला कणीस नव्हते. लहान मुलांनो, ऐका. मोठ्यांनो, तुम्हीही ऐका, कारण या गोष्टीतली खोड मुलांना नसते, मोठ्यांनाच असते.

दुष्काळात लोकांनी जनावरे विकली. जी विकली नाहीत त्यांतली बरीच मेली. घरोघरचे दूध आटले आणि तान्ही पोरे दगावू लागली. हे राजाच्या कानावर गेले. राजाने लांबच्या मुलखातून दुभत्या शेळ्या आणवल्या आणि हुकूम काढला: ज्याच्या दारात शेळी नाही, त्याला दरबारातून एक शेळी द्यावी.

हुकूम चांगला होता, सोपा होता. सोप्या हुकमाला पळवाटही सोपी असते.

नदीकाठच्या एका गावात येसूमावशी नावाची म्हातारी होती. तिची एकुलती एक लेक बाळंतपणात गेली होती आणि मागे तान्ही नात ठेवून गेली होती. पोरगी पेजेवर जगत होती. पेजेवर तान्हे पोर किती जगणार? दिवसेंदिवस तिचे रडणे बारीक होत चालले होते. रडणारे पोर परवडते. रडणे बारीक झालेले पोर परवडत नाही.

आता गंमत अशी, की येसूच्या अंगणात शेळ्या होत्या. अंगण भरून होत्या. पण त्यांतली एकही तिची नव्हती. त्या गावात अर्धलीची चाल होती. शेळी मालकाची; सांभाळायची दुसऱ्याने. दूध रोज मालकाच्या घरी पोचवायचे. करडे झाली की निम्मी मालकाची, निम्मी राखणाऱ्याची. येसूने दोन्ही दुष्काळांत बाभळीच्या शेंगा झोडून आणि बोरीचा पाला काढून गावाच्या शेळ्या जगवल्या. करडे मात्र एक जगले नाही, त्यामुळे वाटा काही मिळाला नाही. रोज सकाळी ती धारा काढायची, तांबे भरून दारोदार पोचवायची आणि घरी येऊन नातीला पेज भरवायची. थेंबभर दूध कधी तिने काढून घेतले नाही. चालीप्रमाणे दूध मालकाचे होते आणि येसू चालीची पक्की होती.

शेळ्या वाटायला दरबारचा अंमलदार येणार अशी दवंडी पिटली. पाहणी दुसऱ्या दिवशी होती. येसू लगेच पाटलांच्या घरी गेली, कारण निम्म्या शेळ्या त्यांच्याच होत्या.

पाटील ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

"पाटील, उद्या पाहणी आहे. एक दिवस तुमच्या शेळ्या तुमच्या गोठ्यात बांधा," येसू म्हणाली.

"का गं?"

"माझं दार रिकामं दिसाया हवं. दरबारची शेळी मिळाली तर पोर जगंल."

"आणि माझं दार भरलेलं दिसाया हवं, असं?"

"तुमचं भरलेलंच आहे की."

पाटील हसले. "येसू, तुला व्यवहार कळत नाही. राजाचं म्हणजे कुणाचंच नव्हे. आपण नाही घेतलं तर पलीकडचं गाव घेईल. चालून आलेली लक्ष्मी कुणी लाथाडतं का?"

"लक्ष्मी कसली पाटील, शेळी आहे ती. आणि माझ्या नातीच्या वाट्याची आहे."

"तिच्या शिंगावर तुझ्या नातीचं नाव कोरलंय का?"

पाटलीणबाई आतून म्हणाल्या, "येसू, कालचं ताक उरलंय. नेतीस का पोरीला?"

"तान्ह्या पोराला शिळं ताक पाजतात का, बाई?" येसू म्हणाली आणि निघाली.

मग ती गुरवाकडे गेली. त्याच्या दोन शेळ्या होत्या. गुरवाने तिला लांबून पाहिले आणि आतून कडी घातली. बाकीच्या मालकांनी पाटील काय म्हणाले ते विचारले, आणि पाटील जे म्हणाले तेच म्हणाले. वाटेत तेलघाण्याचा मालक रंगोबा भेटला. त्याच्याकडे घाण्याचे दोन बैल होते, रांजण भरून तेल होते. पण शेळी त्याने कधी पाळली नव्हती. वास येतो म्हणायचा.

"माझ्याकडं काय बघतेस, मावशी?" तो म्हणाला. "माझं दार जन्माचं रिकामं. मी तर हुकमातच बसतो!"

दुसऱ्या दिवशी अंमलदार आला. घोडीवर बसून आला. त्याच्या हातात हुकूम होता आणि हुकमात दार हा शब्द होता. म्हणून तो दारे पाहत हिंडला. पाटलांच्या दारात शेळी नव्हती. पाटलांनी फाटके उपरणे घेतले होते. घरात धान्याच्या कणगीत माप बुडत होते, पण कणगी दारात नसते. गुरवाच्या दारात शेळी नव्हती. रंगोबाच्या दारात शेळी नव्हती. सगळी वरची आळी रिकामी. खालच्या आळीत येसूच्या अंगणात तेवढी बेंबें चालली होती.

"वा, बाई! गावात सगळ्यांत श्रीमंत तूच दिसतेस," अंमलदार म्हणाला.

"सरकार, या माझ्या नाहीत. अर्धलीच्या आहेत. माझं फक्त हे पोर आहे."

अंमलदार वाईट माणूस नव्हता. त्याने गाव पारावर बोलावले आणि विचारले, "या शेळ्या कुणाच्या?"

वरच्या आळीने पाटलांकडे पाहिले. गर्दीच्या मागून हैबती बोलला. हैबती दोर वळायचा. पायाने लंगडा, घरात चार पोरे, दारात काही नाही.

"सरकार, मावशी खरं बोलती. तो काळ्या कानाचा कळप पाटलांचा."

"हैबत्या," पाटील म्हणाले, "पाय वाकडा आहे तो आहे, जीभ तरी सरळ ठेव."

लोक हसले. अंमलदार म्हणाला, "तंटा नको. देवाचा बेलभंडार आणा. ज्याला शेळी हवी त्यानं तो उचलून शपथेवर सांगावं."

बेलाचे पान आणि भंडारा ताटात ठेवला. पाटील पुढे झाले. बेलभंडार उचलून म्हणाले, "त्या शेळ्या माझ्या नाहीत. माझ्या दारात शेळीचा केससुद्धा नाही." गुरव तसेच म्हणाला. तो तर देवाचा रोजचा पुजारी. मग एकामागून एक सगळी वरची आळी तसेच म्हणाली. रंगोबा सगळ्यांत मोठ्याने म्हणाला. तो खरे बोलत होता ना, त्याला त्याचा अभिमान होता.

शेळ्या वाटल्या. मानाप्रमाणे वाटल्या, आधी पाटील, मग गुरव, मग बाकीचे. खालच्या आळीपर्यंत वाटप पोचायच्या आत शेळ्या संपल्या. ज्यांना द्यायच्या होत्या ते हात जोडून उभे राहिले आणि ज्यांना नव्हत्या ते दावी धरून घरी गेले. अंमलदाराने काम संपवले आणि मुक्कामाला शेजारच्या गावी गेला.

एवढ्यावर थांबले असते तरी माणसांना माणसे म्हणता आले असते. पण दिवस मावळायच्या आत पाटील दरबारची शेळी घेऊन येसूच्याच अंगणात आले.

"घे, मावशी. आणखी एक. अर्धलीनं."

येसू त्यांच्याकडे बघतच राहिली.

"अशी काय बघतेस? तुझाच फायदा आहे. मागून गुरवही येतोय."

गुरव आला. बाकीचेही आले. फक्त रंगोबा आला नाही. त्याच्याकडे जावई आला होता, त्याने शेळी कापली.

येसूने सगळी दावी हातात घेतली, शेळ्या बांधल्या, पाला टाकला. आत नात रडत होती, पण आवाज दारापर्यंत येत नव्हता.

सकाळी येसूने धारा काढल्या. वाटीभर दूध कोमट केले, कापसाचा बोळा बुडवला आणि नातीच्या ओठाला लावला. पोरीने बोळा असा ओढला, की म्हातारीचे बोट ओढले गेले. उरलेले दूध येसूने हैबतीच्या पोरांना आणि खालच्या आळीला वाटून टाकले. त्या दिवशी एकही तांब्या वरच्या आळीत गेला नाही.

उन्हे वर आल्यावर पाटलीणबाई स्वतः तांब्या घेऊन आल्या.

"अगं, दूध कुठंय?"

"पोरीनं प्यायलं."

"कुणाच्या शेळीचं?"

"माझ्या."

"तुझ्या? तुझी शेळी कधी झाली गं?"

"काल. पारावर. तुमच्या मालकांनी देवापुढं सांगितलं, आमची नाही. गुरवानं सांगितलं, आमची नाही. सरकार म्हणालं, बाई, तुझीच. मग माझी नाही तर काय आभाळातून पडली?"

पाटलीणबाई रिकामा तांब्या घेऊन परतल्या आणि पाटील धावत आले. मागून वरची आळी आली.

"म्हातारे, चोरी करतेस?" पाटील ओरडले. "शेळ्या सोड!"

"मी कुठं धरल्यात? दावं सोडा आणि न्या. फक्त आधी पारावर चला. ताट अजून तिथंच आहे. बेलभंडार उचला आणि सगळ्यांसमोर म्हणा, शेळी माझी."

पाटलांनी गुरवाकडे पाहिले. गुरवाने जमिनीकडे पाहिले.

"येसू, हे बरं नव्हे," पाटील आवाज उतरवून म्हणाले. "आपलं आपल्यात मिटवू."

"आपलं आपल्यात परवा होतं. मी तुमच्या ओट्यापुढं उभी होते तेव्हा. आता ते देवाच्या आणि राजाच्यात गेलंय."

कोणी दाव्याला हात लावला नाही. शेळ्या माणसांकडे बघत रवंथ करत राहिल्या. शेळ्यांना बोलता येत असते तर हा तंटा आदल्या दिवशीच मिटला असता.

हे असेच चालू राहिले असते. पण रंगोबाला राहवेना. त्याचे यात काही अडले नव्हते. तरी पाटलांची मर्जी मिळवायची ही संधी होती. तो बैलगाडी जुंपून अंमलदाराच्या मुक्कामी गेला.

"सरकार, घोर अन्याय! त्या म्हातारीनं पाटलांच्या शेळ्या दाबल्या!"

"कुणाच्या?" अंमलदाराने विचारले.

"पाटलांच्या. गुरवाच्या. सगळ्या वरच्या आळीच्या."

"त्यांनी तर बेलभंडार उचलून सांगितलं, त्या आमच्या नाहीत."

"ते सांगायचं असतं, सरकार," रंगोबा समजुतीच्या सुरात म्हणाला.

अंमलदाराने घोडीवर खोगीर घालायला सांगितले.

पुन्हा पारावर गाव जमले. अंमलदाराने आधी येसूला विचारले, "बाई, खरं सांग. शेळ्या कुणाच्या?"

"त्यांच्याच, सरकार. कालही हेच सांगितलं होतं. दूध घेतलं ते पोर मरू नये म्हणून घेतलं. त्यांनी खरं बोलावं, मी आत्ता दावी सोडते."

अंमलदार म्हणाला, "पहिली चूक माझी. मी दार पाहिलं, चूल पाहिली नाही. लंगड्या माणसाचं खरं ऐकलं नाही, फाटक्या उपरण्याचं खोटं ऐकलं." आणि वरच्या आळीकडे वळला. "आता तुमचं. शेळी परत हवी असेल त्यानं बेलभंडार उचलावा आणि म्हणावं, मी खोटं बोललो. आपली शेळी घरी न्यावी, दरबारची इथं बांधावी. ज्याला असं म्हणायचं नसेल, त्याची कालची शपथ खरी. त्याच्या शेळ्या येसूच्या."

अब्रू आणि शेळ्या यांत पाटलांनी शेळ्या उचलल्या. पुढे येऊन ताटावर वाकून काहीतरी पुटपुटले.

"मागं ऐकू येत नाही!" खालच्या आळीतून कोणीतरी ओरडले.

"मी खोटं बोललो," पाटील म्हणाले. इतकी वर्षे त्या पारावर ते न्याय सांगत होते. त्या दिवसानंतर कोणी त्यांना न्याय विचारला नाही.

गुरव आला, बाकीचे आले. दरबारच्या शेळ्या एकेक करून पाराला बांधल्या गेल्या. रंगोबा मात्र जागचा हलला नाही.

"मी खोटं बोललोच नाही, सरकार! माझ्या दारात शेळी नव्हतीच. देवाशप्पथ नव्हती."

"खरं आहे. मग दरबारची कुठंय?"

रंगोबा इकडेतिकडे बघू लागला.

"जावयाच्या पोटात!" कोणीतरी म्हणाले. रंगोबा सोडून सगळे हसले.

"दूध पिणाऱ्या पोरांची शेळी जावयाला वाढलीस," अंमलदार म्हणाला. "दुसरी आणून दे."

पण आणणार कुठून? बाजारात शेळी औषधालाही मिळत नव्हती. शेवटी असे ठरले, की पुढचा पाऊस पडेपर्यंत खालच्या आळीतल्या सगळ्या शेळ्यांना रंगोबाने आपल्या घाण्याची पेंड फुकट घालायची. रंगोबा म्हणाला, "आणि मी खरं बोललो त्याचं काय?"

मग अंमलदार घोडीवरून उतरला. चालत घरोघर गेला. चूल पाहिली, कणगीत हात घातला, मडकी उघडली, पोरांची पोटे पाहिली. शेळ्या ज्यांच्या वाट्याच्या होत्या त्यांच्या घरी पोचल्या. शेवटी एक शेळी उरली आणि दोन घरे उरली, येसूचे आणि हैबतीचे. जावयाने खाल्लेली शेळी असती तर दोघांचे भागले असते. फुकट घेणाऱ्याला वाटते, एका शेळीने काय होते? एका शेळीने हे होते.

अंमलदार दोघांकडे बघू लागला. आता हुकूम काही सांगेना.

हैबती म्हणाला, "सरकार, मावशीला द्या. माझ्या पोरांना दात आहेत, भाकरी मिळाली तर चावतील. तिच्या नातीला दात कुठायत?"

येसूने डोळे पुसले नाहीत. तिने दावे हातात घेतले आणि म्हणाली, "हैबती, ही शेळी मी तुझ्याकडून उसनी घेतली. हिचं पहिलं मादी करडू तुझं."

"राहू दे, मावशी."

"राहू दे कसं? फुकट खाणाऱ्यांनी गाव भरलंय. मी त्यात नाही."

वरच्या आळीने आपापल्या शेळ्या घरी नेल्या आणि शेळी म्हणजे नुसते दूध नव्हे हे तिला कळले. पाटलीणबाईंचे हात बाभळीच्या काट्यांनी फाटले. गुरवाच्या शेळीने देवाचे हार खाल्ले. महिना संपायच्या आत सगळे मालक दावी धरून येसूच्या अंगणाबाहेर उभे राहिले. येसू म्हणाली, "ठेवते. पण दूध निम्मं माझं." कोणी कुरकुरले नाही. निदान तिच्यासमोर नाही.

माझे सांगणे एका ओळीचे आहे: खोटी गरिबी सांगून घेतलेला घास राजाच्या कोठारातला नसतो, तो शेजारच्या उपाशी पोराच्या तोंडातला असतो.

आता उसन्याचे तेवढे राहिले.

पुढच्या मृगात पाऊस पडला. भाद्रपदात येसूची शेळी व्याली. एक बोकड झाला, एक मादी करडू. करडू पाला खायला लागले तसे पाटील येसूच्या अंगणात हजर झाले.

"येसू, शेळीला लागलेला बोकड माझा होता बरं का. तेव्हा चालीप्रमाणे करडात माझा वाटा निघतो."

येसूची नात आता रांगत होती. ती पाटलांचे धोतर धरून उभी राहू लागली. येसूने तिला उचलून कडेवर घेतले.

"चालीप्रमाणे वाटा राखणाऱ्याचा असतो, पाटील. बोकडाचा नसतो. हवं तर बोकडाला पारावर आणा, तो बेलभंडार उचलू दे."

पाटील गेले. येसूने एका हाताने नातीला सावरले, दुसऱ्या हाताने करडाचे दावे धरले आणि हैबतीच्या घरी गेली. हैबती दोर वळत बसला होता. त्याच्या दारातल्या मेढीला तिने करडू बांधले, गाठ ओढून पाहिली आणि घरी आली.